साध्या पाण्याचा हिरवा आजार

तीर्थरूप मामा,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. खरं तर मी स्टुलावर बसून लिहिते आहे, आणि हे स्टूल असं आहे की जरा वाकलं की माणूस आणि स्टूल दोघंही खाली. तुमची कंबर कशी आहे? आई सांगत होती की मामी तुम्हाला खालच्या फळीपर्यंत वाकू देत नाहीत, म्हणून तुम्ही मोठ्या मापाचे सगळे बूट सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवलेत आणि आता ते काढायला शिडी लागते. (शिडीवरून पडलं तर कंबरेचं काय होतं, हे तुम्ही मामींना विचारलं नसेलच.) मामींना नमस्कार. धाकट्याला पापा. दुकानातल्या खोक्यात व्यालेल्या मांजरीला काही नाही, कारण मागच्या खेपेला ती मला चावली होती आणि तुम्ही सगळे तिचीच विचारपूस करत होता.

तुमचं पत्र पोचलं. आईनं ते आधी मोठ्यांदा वाचलं, मग माझ्याकडे बघत बघत वाचलं, मग त्यातली ‘गल्ल्यावरची खुर्ची रिकामी होते आहे’ एवढीच ओळ वाचली, आणि मग ते पत्र माझ्या डब्याखाली ठेवून दिलं, म्हणजे रोज सकाळी डबा उचलताना मला दिसावं. तुम्ही लिहिलंय की पोरगी तिथं कसला उजेड पाडते आहे ते तिनं स्वतः कळवावं, आईच्या सांगण्यावर विश्वास नाही. ते बरोबरच आहे. आई शेजारणीला सांगते की मी दवाखान्यात असते, आत्याला सांगते की विजेचं काहीतरी शिकते, आणि मनातून तिला वाटतं की मी बाटल्या धुते. तिन्ही थोडं थोडं खरं आहे आणि तिन्हींत भूषण वाटावं असं काही नाही.

आईचं आणि माझं काय ठरलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्या लॅबचं यंत्र बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर दवाखान्याचं काम आम्हाला मिळणार आणि लॅब चालणार. नाही पडलं तर लॅबला टाळं, आणि मी तुमच्याकडे गल्ल्यावर. शाळेत परत जायचा प्रश्नच नाही. एकदा सोडली ती सोडली. (उभं राहून धडा वाच म्हटलं की अख्खा वर्ग मागं वळून बघायचा आणि माझा आवाज आत कुठंतरी चप्पल शोधत बसायचा. रोज तेच. मग मीच जाणं बंद केलं.) तुमच्या दुकानाला मी नावं ठेवत नाही, मामा. गल्ल्यावर बसायला माझी काहीही हरकत नाही. फक्त गिऱ्हाईक यायला नको. अनोळखी माणसाला ‘या, बसा, कुठलं माप दाखवू’ असं दिवसभर म्हणायचं, आणि तेही त्याच्या तोंडाकडे बघून, हे मला जमेल असं तुम्हालाही वाटत नाही. गोगलगाय हे नाव मला तुम्हीच ठेवलंत, मी मागायला आले नव्हते.

आता लॅबचं. नाव लॅब, पण आहेत दोन खोल्या. खाली एक माणूस लोखंडी कपाटं रंगवतो, त्यामुळे आमच्याकडे रोज रंगाचा वास येतो आणि वासावरूनच कळतं की आज करडं कपाट आहे का हिरवं. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, कपाट, आणि सरांची, म्हणजे लॅबच्या मालकांची, सर्टिफिकिटं काचेत घालून लावलेली. त्यातलं एक पोहण्याचं आहे. मागची खोली ती काळी खोली. पूर्वी ते न्हाणीघर होतं. सरांनी खिडकी बुजवली, भिंती काळ्या केल्या, छत काळं केलं, नळ काढता येईना म्हणून नळही काळा केला. तो अजून ठिबकतो. या काळ्या न्हाणीघरात आमचं ते जगावेगळं यंत्र ठेवलेलं आहे.

यंत्र काय करतं? ऐका आणि हसू नका, मी इतके दिवस हसू दाबलं आहे. ॲल्युमिनियमची एक पट्टी घ्यायची, बोटभर. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबात टर्बियम नावाचा एक धातू विरघळलेला असतो, अगदी नावाला. मग पट्टीला विजेचे झटके द्यायचे, एकामागून एक, टकटकटक. प्रत्येक झटक्याला तो टर्बियम हिरवा चमकतो आणि आपण ‘अरे’ म्हणायच्या आत विझतो. झालं. एवढंच. यासाठी सरांचे केस गेले. या जातीच्या धातूंना दुर्मिळ माती म्हणतात, आणि मी विचारलं तर सर म्हणाले की ते फारसे दुर्मिळ नाहीत आणि माती तर मुळीच नाहीत. मग हे नाव ठेवताना सगळे झोपले होते काय? (हे मी विचारलं नाही. मनात म्हटलं. मी पुष्कळसं मनातच म्हणते, ते तुम्हाला माहीत आहे.)

आणि खरी मजा पुढे. तो उजेड इतका बारीक असतो की दिसतच नाही. यंत्राला झाकण आहे, ते घट्ट लावायचं, आत एक उजेड मोजणारी नळी आहे ती बघणार, आणि बाहेर मीटरवर आकडा येणार. म्हणजे सिनेमा एकटा डोअरकीपर बघणार आणि आम्ही बाहेर बसून टाळ्या वाजवणार. मी लागले त्या दिवशी सरांनी मला पहिली सूचना दिली ती अशी की झाकण उघडून बघायचं नाही. उजेडाच्या कारखान्यात नोकरी, आणि बघायला बंदी. पण उपयोग आहे म्हणे. हृदयाला झटका आला की त्या माणसाच्या रक्तात एक पदार्थ उतरतो, तलावात चिमूटभर मीठ टाकावं इतका कमी. त्या पदार्थाला टर्बियमची शेपटी लावायची. रक्तात पदार्थ असेल तर शेपटी पट्टीला चिकटून राहते आणि चमकते. नसेल तर धुऊन जाते, अंधार. एवढं कमी मोजणारं दुसरं काही जवळपास नाही, असं सर येईल त्याला सांगतात. पोस्टमनलासुद्धा सांगितलंय. तो आता पत्रं खाली रंगाऱ्याकडे टाकून जातो.

सरांना आमचा मिस्त्री ‘वजाबाकी सर’ म्हणतो. मिस्त्री म्हणजे यंत्राच्या तारा, बटणं आणि पट्ट्या कापणं ज्याच्याकडे आहे तो. त्याच्या मते जगातलं कुठलंही बिघडलेलं यंत्र दोन तारा ओढून परत लावल्या की सुरू होतं, आणि वाईट हे की बहुतेक वेळा होतं. तर वजाबाकी अशासाठी, की प्रत्येक वेळी आधी नुसतं शुद्ध पाणी मोजायचं असतं, ज्यात काही म्हणजे काहीच नाही. त्याला ब्लँक म्हणतात. त्याचा आकडा अगदी थोडा यायला हवा. तो मग रोग्याच्या आकड्यातून वजा करायचा. पण आमचं ब्लँक दिवसेंदिवस वाढायला लागलं. जसं धाकट्याचं वजन. सर शांतपणे वजा करत राहिले. एकदा पाण्याचा आकडा रोग्याच्या आकड्याच्या वर गेला आणि वजाबाकीचं उत्तर शून्याच्याही खाली आलं. मिस्त्री म्हणाला, ‘हा माणूस इतका धडधाकट आहे की शेजारच्या खाटेवरच्यालाही थोडी तब्येत देऊ शकेल.’ सर हसले नाहीत. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला.

या रुमालाबद्दल सांगायला हवं. सर फार स्वच्छ आहेत. इतके, की त्रास होतो. खिशात मोठा पांढरा रुमाल, चार घड्या केलेला, आणि प्रत्येक घडीचं काम वेगळं. पहिल्या घडीनं चष्मा. ती उलटली की कपाळ. तिसरीनं बाटल्यांची बुचं आणि टेबल. चौथीनं पट्ट्या, कारण पट्टी चमकली नाही तर सरांना चैन पडत नाही. एका घडीचं दुसऱ्या घडीला लागत नाही असा त्यांचा पक्का समज आहे. (आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, किती टापटिपीचा माणूस. तेव्हा तुमच्या बहिणीबद्दलही माझं मत थोडं बदललं.)

तर पाणी वाढतंय, कारण सापडत नाही. आधी पाण्यावर आळ आला. पाणी बदललं. मग मिस्त्रीच्या तारांवर, त्यानं दोन तारा ओढून परत लावल्या. मग खालच्या रंगाऱ्यावर, त्याला सर भेटायला गेले आणि अंगावर करडे ठिपके घेऊन परत आले. आणि सगळे आळ संपले तेव्हा नजर माझ्याकडे वळली. मी बाटल्या धुते ना. सर म्हणाले, केसाला तेल लावतेस का? मी मान डोलावली. म्हणाले, बघ, तेलावर धूळ बसते, धुळीत काय काय असतं, ती बाटलीत पडते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक टोपी आणली. अंघोळीची, प्लास्टिकची, इलॅस्टिकवाली. तिच्यावर पिवळी बदकं. मामा, ती टोपी मी दिवसभर घातली. रोज घातली. कपाळावर वळ उठला. एकदा तर काढायची राहिली आणि मी तशीच रस्त्यानं घरी आले, आणि सगळा रस्ता मला वाटत होतं की आज लोक जरा जास्तच बघतायत. आईनं दार उघडलं आणि परत लावलं.

आणि टोपी घालूनही आकडा वाढतच होता. पण आरोप कमी झाला नाही. सर मिस्त्रीला म्हणायचे, ‘सवयी एका दिवसात जात नाहीत.’ माझ्यासमोर, जणू मी कपाट आहे. मी कधी काही बोलले नाही. मी बोलते ती फक्त काळ्या खोलीत. हे तुम्हाला माहीत नसेल, मलाही नव्हतं. आत दिवा बंद केला आणि दार लावलं की माझा आवाज आपोआप बाहेर येतो. कुणी बघत नाही ना. पट्टी घालायची, थेंब ठेवायचा, मिस्त्री बटण दाबणार, तेवढ्या वेळात मी त्याला अख्खा दिवस सांगून टाकते, सरांची नक्कल करते, एकदा गाणंही म्हटलं. दिवा लागला की बंद. मिस्त्री म्हणतो, ‘तू रेडिओच्या उलट आहेस. वीज गेली की सुरू.’

आता डॉक्टरीणबाई आल्या तो दिवस. सकाळपासून सर घरात लग्न असल्यासारखे. बाईंना उजेड डोळ्यांनी दिसला पाहिजे म्हणून त्यांनी झाकण काढून तिथं काच बसवली आणि टर्बियमचं कडक मिश्रण तयार केलं, नेहमीच्या कितीतरी पट कडक. त्याचं बूच रुमालानं स्वच्छ पुसलं. मग म्हणाले, पट्ट्या मळकट दिसतायत, पाहुण्यांसमोर शोभत नाही. आणि एकेक पट्टी घेऊन रुमालानं चकाचक केली. मी बघत होते, मिस्त्रीही बघत होता. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. (माझ्या डोक्यावर बदकं होती. त्याच्या डोक्यात काय होतं ते त्याचं त्याला माहीत.)

बाई आल्या. बुटक्या, झपझप चालणाऱ्या, पायात तपकिरी लेसचे बूट, टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. तुम्ही असतात तर तिथंच नवा जोड काढला असतात. मला बघून म्हणाल्या, ‘ही कोण?’ सर म्हणाले, ‘आमची बाटल्या धुणारी.’ मी नमस्कार करायला हात वर केले, आणि ते टोपीपर्यंत गेले, आणि टोपी सारखी करून परत आले. त्यांनी बदकांकडे बघितलं.

मग आम्ही चौघं त्या न्हाणीघरात. दार लावलं, दिवा घालवला. काळाकुट्ट अंधार, नळाची ठिबठिब, आणि सरांचा भाषणाचा आवाज. ते म्हणाले, प्रथम आपण काहीही नसलेलं पाणी बघणार आहोत, म्हणजे आपल्याला संपूर्ण अंधार दिसेल, आणि हा अंधार हाच आमच्या पद्धतीचा पाया आहे. वगैरे. फार लांबवलं. मग म्हणाले, ‘मिस्त्री, चालू.’ मिस्त्रीनं बटण दाबलं.

पाणी चमकलं. हिरवं. स्पष्ट.

नळ तेवढा ठिबकत होता. मग बाईंचा आवाज आला, अगदी तपासायच्या खोलीतला, ‘या पाण्याला कोणता आजार झालाय?’

सर म्हणाले, ‘तसं नाही, तो वजा करायचा असतो.’

‘म्हणजे मी रोग्याला काय सांगू? तुमच्यातनं पाणी वजा करून घ्या?’

‘आकड्यात थोडी गडबड—’

‘थोडी गडबड म्हणजे धडधाकट माणसाला मी खाटेवर झोपवीन, आणि ज्याचं हृदय बंद पडायला आलंय त्याला घरी पाठवीन. असलं यंत्र मला नको.’ आणि त्या बहुतेक दाराकडे वळल्या, कारण बूट वाजले.

मामा, तेव्हा मला तुमचा गल्ला दिसला. अंधारातच. खुर्ची, घंटी, दारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक, सगळं. आणि सर काय म्हणाले, तर म्हणाले, ‘बाई, दोष यंत्राचा नाही. ही मुलगी बाटल्या धुते, तिच्या केसांचं तेल—’

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण कुणीतरी मोठ्यांदा बोलायला लागलं होतं. ते मीच होते. मी म्हटलं, मग माझी वेणी घाला यंत्रात. आत्ता घाला. महिनाभर ही बदकं डोक्यावर घेऊन फिरतेय मी, रस्त्यानंसुद्धा. चमकली तर मी आजच जाते, आणि नाही चमकली तर ही टोपी तुम्ही घालायची. (सरांना म्हटलं मी हे. ‘तुम्ही’च म्हटलं, पण आवाज ‘तू’चा होता.) दिवा असता तर यातलं अक्षरही निघालं नसतं. मिस्त्री कुजबुजला, ‘सुरू झाला रेडिओ.’

बाई थांबल्या. म्हणाल्या, ‘बरोबर बोलतेय. आमच्याकडे वॉर्डात ताप पसरला की आम्ही आधी प्रत्येकाचे हात बघतो. एकाचेच बघत नाही. घ्या नवी पट्टी. कुणी पुसायची नाही, कुणी फुंकायची नाही.’

मिस्त्रीनं चाचपडत नवी पट्टी कापली. तिच्यावर नुसतं पाणी. बटण. अंधार. एकदम अंधार, सरांच्या भाषणातला. सर खुशीत काहीतरी म्हणायला लागले तर बाई म्हणाल्या, थांबा. मग माझी वेणी. मी टोपी काढली, शेंडा एका थेंबात बुडवला, तो थेंब दुसऱ्या पट्टीवर. बटण. अंधार. माझ्या आयुष्यात मला कुठल्या अंधाराचा इतका अभिमान वाटला नव्हता. मग मिस्त्रीचा अंगठा, ज्याला तेल, ग्रीस आणि बहुतेक सकाळचा नाश्ता लागलेला असतो. अंधार. मिस्त्री म्हणाला, ‘मी पण निर्दोष, घरी कळवा.’

मग सरांची पाळी. त्यांचे हात स्वच्छ, ते चमकायचे कशाला, नाही चमकले. सगळे संपले. आणि तेवढ्यात आवाज आला, कापडाचा. सर घामाघूम होऊन तोंड पुसत होते. बाई म्हणाल्या, ‘ते काय आहे तुमच्या हातात?’

‘रुमाल.’

‘द्या.’

‘अहो, तो रोज धुतलेला असतो.’

‘द्या म्हणते ना.’

रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, थेंब पट्टीवर. मिस्त्रीनं बटण दाबलं, आणि मामा, ते अख्खं न्हाणीघर हिरवं झालं. म्हणजे खोलीतला सगळा काळा रंग दिसला. काळा नळ दिसला, त्याच्या तोंडाशी लोंबणारा थेंबही हिरवा. सर दिसले, तोंड उघडं, हात अजून तोंड पुसायच्या जागी, हातात काही नाही. बाई दिसल्या, वाकून बघत होत्या, लहान मुलं खिडकीतून बघतात तशा. मिस्त्री दिसला, तो बटण सोडेना. दाबूनच धरलं होतं. झटके इतके भराभर पडतात की उजेड थांबत नाही, थरथरत राहतो. इतके दिवस बंद झाकणाच्या बाहेर बसून मी ज्याचे आकडे लिहिले तो हा. सिग्नलसारखा हिरवा नाही, खालच्या कपाटांसारखा तर नाहीच. कसा ते लिहायला मला येत नाही. दिसायला ठीक आहे. असो.

दिवा लागला तेव्हा मी काहीतरी सांगत होते, बहुधा घड्यांबद्दल, पहिली घडी चष्मा, तिसरी बूच, चौथी पट्ट्या, आणि एका घडीतून दुसरीत काय काय झिरपलं असेल त्याबद्दल. दिवा लागला आणि वाक्य तिथंच तुटलं. तोंड उघडं राहिलं ते मी हळूच मिटलं. बाईंनी आमच्या तिघांकडे बघितलं. म्हणाल्या, ‘मघाशी बोलत होती ती कोण?’ जणू अंधारात पाचवं माणूस होतं आणि ते निघून गेलं होतं. मिस्त्रीनं माझ्याकडे बोट केलं.

मग त्या पुढच्या खोलीत सरांच्या खुर्चीत बसल्या (सर उभे) आणि म्हणाल्या की यंत्र चांगलं आहे. जे यंत्र मालकाच्या खिशातला रुमाल पकडतं ते रोग्याचं हृदयही पकडेल. काम देते. दोन अटी. रुमाल दाराच्या बाहेर. आणि रोजचे निकाल मला फोनवर हवेत, आणि फोन हिनं करायचा. सर म्हणाले, ही फारशी बोलत नाही हो, शाळाही अर्धवट आहे. बाई म्हणाल्या, ‘आपलीच वेणी आधी तपासायला देते, तिचा आकडा मी मानते.’ आणि झिजलेल्या टाचांवर झपझप निघून गेल्या.

असं आहे, मामा. लॅब वाचली. सरांना आता वजा करायला काही उरलं नाही, त्यामुळे ते उदास असतात. ब्लँक शून्याच्या आसपास येतं आणि ते त्याच्याकडे घर सोडून गेलेल्या मुलाकडे बघावं तसे बघतात. माफी वगैरे काही मागितली नाही. फक्त म्हणाले, ‘टोपी तुला ठेव.’ एवढं मोठं मन. रुमालाचा एक तुकडा कापून मी बाटलीत ठेवलाय, रोज सकाळी यंत्र चालतंय का हे बघायला त्यातला एक दोरा पुरतो. सर त्या बाटलीजवळून जाताना दुसरीकडे बघतात. मिस्त्री मला बाईंच्या आवाजात ‘द्या म्हणते ना’ असं म्हणून काहीही मागतो, पाना, चहा, काहीही. खाली आज पुन्हा करडं कपाट आहे. नळ ठिबकतो. स्टूल डुगडुगतं. पगार सांगण्यासारखा नाही म्हणून सांगत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत ना, की ती जागा माणसानं राहण्यासारखी आहे का, तर तुम्हीच ठरवा. एक धड माणूस इथं नाही, आणि ज्या कामासाठी हे सगळं, ते डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही.

कंबरेला जपा. शिडीवर चढू नका.

तुमची भाची,
गोगलगाय

ता. क. : गल्ल्यावरची खुर्ची कुणाला तरी देऊन टाका. लवकर. कुणीच मिळालं नाही तर मांजरीला द्या, ती गिऱ्हाइकाला चावेल, पण बोलते तरी. आणि तसं आईला वेगळं पत्र लिहून कळवा, की जागा भरली, आता नाइलाज आहे. मोठ्या अक्षरात लिहा, ती मोठ्यांदा वाचते.

ता. क. दुसरा : खरं काम हे होतं, वर लिहायचं राहिलं. सोमवारपासून मला बाईंना फोन करायचा आहे. काल सरांच्या फोनवर मी नुसतं ‘हॅलो’ म्हणून बघितलं, समोर कुणी नसताना, तरी कानापर्यंत गरम झाले. तुमच्या दुकानात दुपारी कुणी नसतं. त्या वेळी मी रोज तुम्हाला फोन करीन. तुम्ही डॉक्टरीणबाई व्हायचं. ‘बोला’ एवढंच म्हणायचं, तुटक. मी आकडे सांगीन, तुम्ही ते परत म्हणून दाखवायचे. मी थांबले तर तुम्हीही थांबायचं, ‘अगं बोल ना’ म्हणायचं नाही. हसायचं नाही. गोगलगाय म्हणायचं नाही. मामींना ऐकायला बोलवायचं नाही.

ता. क. तिसरा : मिस्त्रीनं फोनची वायर काळ्या खोलीपर्यंत ओढून दिली आहे. मागितली नव्हती, त्यानंच दिली. तेव्हा मागं ठिबठिब ऐकू आली तर समजा की मी दिवा घालवून, दार लावून बसले आहे. तुम्हीसुद्धा, गिऱ्हाईक नसेल तर, शटर जरा खाली ओढून घ्या.